डॉक नंतर घ्या, आधी एक स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवा



गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे सगळ्यात जास्त आलेला प्रश्न कर्जाचा नाही, जीएसटीचा नाही आणि दुकानाच्या नावाचाही नाही. प्रश्न असा आहे: "ताई, लॅपटॉपला दोन मॉनिटर लावायचेत, कुठलं डॉकिंग स्टेशन घेऊ?"

विचारणारी सगळी आपल्याच भागातली मुलं-मुली. कुणी भोरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकतंय. कुणी नसरापूरला दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं घेतंय. कुणी राजगडाच्या पायथ्याला होमस्टे सांभाळून ट्रेकचे व्हिडिओ एडिट करतंय. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण एसटी स्टँडवर अजून वेल्हंच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.) प्रत्येकाचं काम वेगळं, पण प्रश्न अगदी शब्दाला शब्द तोच. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न कामातून आलेला नाही, व्हिडिओतून आलेला आहे.

ते 'डेस्क सेटअप'वाले व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. लाकडी टेबल, मागे निळा दिवा, तीन स्क्रीन, आणि लॅपटॉपला एकच वायर. छान दिसतं, नाही कशाला म्हणू? पण त्या टेबलावरचा माणूस बेंगळुरूच्या किंवा हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला असतो. लॅपटॉप कंपनीचा. तो रोज ऑफिसला जातो, संध्याकाळी घरी येतो, पुन्हा लॅपटॉप लावतो. त्याला एक वायर हवी असते कारण तो दिवसातून दोनदा लॅपटॉप काढतो आणि लावतो. तुमचा लॅपटॉप सकाळी नऊला काउंटरवर उघडतो आणि रात्री आठला तिथेच मिटतो. एकदा लावलेल्या तीन वायरी वर्षभर कुणी काढणार नाही. मग एका वायरीची सोय मिळावी म्हणून पंधरा हजार मोजायचे कशाला?

माझं मत आधीच सांगून टाकते. दुसरा स्क्रीन ही आपल्या धंद्याची खरी गरज आहे, आणि त्यावर पैसे घालायला मी कुणालाही अडवणार नाही. डॉकिंग स्टेशन ही सोय आहे, आणि बहुतेकांना पहिल्या वर्षी ती लागत नाही. पण बाजारात या दोन गोष्टी एकाच श्वासात विकल्या जातात, आणि आपली मुलंही त्या एकाच श्वासात विकत घेतात.

दुसरा स्क्रीन खरा कुणासाठी?

फॉर्म भरणाऱ्या दुकानाचं उदाहरण घेऊ, कारण भोर-वेल्ह्यात नवीन धंदा म्हटलं की दहा पावलांवर हाच दिसतो. ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक काढायला माणूस येतो. त्याच्या आधारवर 'बाळासाहेब' असतं, सातबाऱ्यावर 'बाळू' असतं, आणि वडिलांचं नाव एकीकडे 'ज्ञानेश्वर' तर दुसरीकडे 'ज्ञानू'. पंधरा इंची लॅपटॉपवर तुम्ही काय करता? एक टॅब उघडता, नाव डोक्यात ठेवता, दुसऱ्या टॅबवर जाऊन टाइप करता, शंका आली की पुन्हा मागे. समोर आठ माणसं उभी, फोन वाजतोय, झेरॉक्सवाला वेगळाच ओरडतोय. गट नंबरमधला एक आकडा इकडचा तिकडे व्हायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आता डाव्या स्क्रीनवर सातबारा, उजव्या स्क्रीनवर फॉर्म. डोळा फक्त इकडून तिकडे फिरतो, डोक्यात काही साठवावं लागत नाही. जीएसटीचं काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. महिन्याच्या चौदा तारखेला २बी येतं, वीस तारखेला ३बी भरायचं असतं, आणि मधल्या सहा दिवसांत टॅलीतली खरेदी आणि पोर्टलवरची खरेदी ओळ-ओळ ताडून बघायची असते. एका स्क्रीनवर हे काम करणारा माणूस रात्री अकराला डोळे चोळत बसलेला असतो.

इथपर्यंत सगळे सांगतात. मला पुढचं सांगायचंय. तो दुसरा स्क्रीन तुमच्यासाठी कमी आणि समोर उभ्या असलेल्या माणसासाठी जास्त आहे.

विचार करा, गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवरून एक आजी येतात. सकाळची एसटी, येण्या-जाण्याचं भाडं, शेतावरचा एक दिवस बुडालेला. त्या काउंटरच्या त्या बाजूला उभ्या. तुम्ही या बाजूला बसून खटाखट टाइप करताय. तुम्ही काय लिहिताय हे त्यांना दिसत नाही. फॉर्म जातो, पावती मिळते, त्या घरी जातात. तीन आठवड्यांनी कळतं की नावात चूक आहे, अर्ज परत आला. पुन्हा एसटी, पुन्हा दिवस. आणि गावात सांगताना त्या काय सांगणार? "त्या दुकानात काम धड होत नाही." २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेच्या अर्जांची जी झुंबड उडाली, तेव्हा महिन्याच्या दीड हजार रुपयांसाठी बायका रांगेत ताटकळल्या, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. बँक खात्याचा एक आकडा चुकला तर त्या बाईचं काय होतं, हे त्या रांगेत उभं राहिलेल्याला विचारा.

म्हणून मी म्हणते, एक साधा वीस-बावीस इंची मॉनिटर घ्या आणि त्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे करा. सबमिट दाबण्याआधी भरलेला फॉर्म त्या स्क्रीनवर ओढा, अक्षरं मोठी करा आणि सांगा, "आजी, नाव वाचा. मोबाईल नंबर वाचा." वाचता येत नसेल तर सोबतचा नातू वाचेल. तोही नसेल तर तुम्ही बोट ठेवून मोठ्याने वाचा. अर्धा मिनिट जास्त जाईल. पण चूक तिथेच सापडेल, आणि सापडली नाही तरी ती दोघांनी मिळून तपासलेली असेल. बँकेत, पेट्रोल पंपावर आकडा आपल्याला दिसेल असा लावलेला असतो. आपल्या फॉर्मच्या काउंटरवरच तो का लपवायचा?

एक गोष्ट मात्र इथे काटेकोर पाळायची. हा स्क्रीन 'डुप्लिकेट'वर लावायचा नाही, 'एक्स्टेंड'वर लावायचा. विंडोजचं बटण दाबून ठेवून पी दाबलं की पर्याय येतात. डुप्लिकेट म्हणजे तुमच्या स्क्रीनवर जे आहे तेच सगळं तिकडे. मग आधीच्या गिऱ्हाइकाचं आधार, कुणाचा ओटीपी, तुमचं व्हॉट्सॲप, बायकोचा "येताना दूध आणा", सगळं गावाला दिसणार. एक्स्टेंड म्हणजे तिकडची जागा वेगळी. तुम्ही जी खिडकी तिकडे ओढाल तेवढीच तिकडे दिसेल. विंडोजचं बटण, शिफ्ट आणि बाण दाबला की उघडी असलेली खिडकी एका झटक्यात पलीकडच्या स्क्रीनवर जाते. हे बोटांत बसायला दोन दिवस लागतात. लोकांची कागदपत्रं आपल्याकडे विश्वासाने येतात, आणि २०२३ पासून वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही देशात झालेला आहे. फॉर्मचं दुकान छोटं आहे म्हणून त्यातून सुटत नाही.

खरेदीआधी लॅपटॉप उलटसुलट करून बघा

आता तांत्रिक भाग. घाबरू नका, फक्त भोकं मोजायची आहेत.

लॅपटॉपच्या बाजूला एचडीएमआयचं पोर्ट आहे का? आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या साध्या विंडोज लॅपटॉपमध्ये बहुधा असतंच. असेल तर एक मॉनिटर तिथे थेट लागतो. एक केबल, दोन-तीनशे रुपये, विषय संपला. लॅपटॉपचा स्वतःचा एक आणि हा एक, असे दोन स्क्रीन झाले. ज्यांना 'डॉक घेऊ का' असं विचारायचं असतं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं उत्तर इथेच मिळतं, आणि मग ते थोडे नाराज होतात. काहीतरी भारी घ्यायचं ठरवून आलेले असतात ना!

तिसरा स्क्रीन हवा असेल तर यूएसबी-सीकडे वळा. आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. यूएसबी-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. आतून काय वाहतं ते त्या आकारावरून कळत नाही. काही लॅपटॉपमध्ये त्या पोर्टातून फक्त पेन ड्राइव्हसारखा डेटा जातो. काहींत चार्जिंगही होतं. आणि काहींत चित्रही बाहेर येतं. चित्र यायला त्या पोर्टात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' नावाची सोय असावी लागते. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची छोटी खूण किंवा विजेची खूण असेल तर लक्षण चांगलं, पण विजेची खूण कधी थंडरबोल्टची असते तर कधी नुसत्या चार्जिंगची, त्यामुळे खुणेवर जाऊ नका. लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं माहितीपत्रक उघडा आणि पोर्टच्या ओळीत डिस्प्लेपोर्ट हा शब्द आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दुकानदाराचं "चालेल हो, सगळ्याला चालतं" हे माहितीपत्रक नाही.

तो शब्द असेल तर यूएसबी-सी ते एचडीएमआय असा साधा कन्व्हर्टर पुरतो. एक मॉनिटर एचडीएमआयवर, एक यूएसबी-सीवर, आणि लॅपटॉपचा स्वतःचा. तीन स्क्रीन, आणि डॉक अजून दुकानातच. गेल्या काही वर्षांतले बरेचसे लॅपटॉप एवढं सहज ओढतात.

एक वस्तू मात्र कुणीही सांगितली तरी या कामासाठी घेऊ नका: एचडीएमआय स्प्लिटर. एका भोकातून दोन मॉनिटर निघतात म्हणून मुलं खूश होतात. पण स्प्लिटर एकाच चित्राच्या दोन प्रती काढतो. दोन्ही मॉनिटरवर तेच दिसणार. हॉलमध्ये लग्नाचं शूटिंग दोन टीव्हींवर दाखवायला तो उत्तम. सातबारा आणि फॉर्म शेजारी-शेजारी ठेवायला उपयोग शून्य.

जुना मॉनिटर घेणाऱ्यांसाठी आणखी एक. पुण्यात कंपन्यांनी काढून टाकलेले मॉनिटर स्वस्तात मिळतात आणि ते बहुतेक वेळा चांगले निघतात. मी स्वतः तेच सुचवते. पण त्यातल्या बऱ्याच मॉनिटरना व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट असतं, एचडीएमआय नसतं. आणि डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय ही स्वस्त केबल एकाच दिशेने चालते: कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टातून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे. उलटी लावली तर काळा स्क्रीन. दोन्ही टोकं फिट बसतात, म्हणून माणूस तासभर मॉनिटरला शिव्या देत बसतो. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर त्या दिशेचा वेगळा कन्व्हर्टर मागून घ्यायचा, किंवा सरळ एचडीएमआय ते व्हीजीए लावायचा. फॉर्म वाचायला व्हीजीएचं चित्र पुरेसं असतं. तपकीर गल्लीत जाणार असाल तर निघण्याआधी दोन्हीकडच्या पोर्टचे फोटो मोबाईलमध्ये काढून न्या. भोरपासून पन्नासेक किलोमीटर जाऊन चुकीची वायर आणली, तर वायरीपेक्षा भाडं महाग पडतं.

मग डॉक कुणी घ्यावं?

काही जणांनी घ्यावंच, आणि त्यांना मी उलट सांगते की स्वस्तातलं घेऊ नका.

जी मुलगी आठवड्यातले तीन दिवस भोरला ऑफिसात बसते आणि बाकीचे दिवस शिरवळच्या कारखान्यांत किंवा पुण्यात गिऱ्हाइकांकडे लॅपटॉप घेऊन जाते, तिने घ्यावं. ती रोज पाच वायरी काढणार आणि लावणार. त्यात वेळ जातो आणि लॅपटॉपची पोर्टं सैल होतात. पुण्यातल्या कंपनीचं काम गावी बसून करणाऱ्याने घ्यावं. ज्याच्या लॅपटॉपला दोन यूएसबी-सी सोडून दुसरं काहीच नाही, त्याला पर्यायच नाही. डॉकची कल्पना मुळात फिरणाऱ्या माणसासाठीच निघाली. ॲपलने १९९२ साली पॉवरबुक ड्युओ काढला, तेव्हा छोटा लॅपटॉप फिरायला आणि टेबलावर त्याला गिळणारा मोठा डॉक, अशीच जोडी होती.

घेताना मात्र 'डॉक' या एका नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, हे ध्यानात ठेवा.

हातात मावणारा, दीड-तीन हजारांचा, एचडीएमआय, यूएसबी आणि कार्डची जागा असलेला असतो तो हब. त्यातून साधारण एक मॉनिटर नीट चालतो. काही हबवर दोन एचडीएमआय असतात. ते विंडोजवर दोन वेगळी चित्रं देऊ शकतात, कारण लॅपटॉपमधून येणारा एकच प्रवाह ते आत फोडून दोन मॉनिटरला वाटतात. याला एमएसटी म्हणतात. फुल एचडीचे दोन मॉनिटर असतील तर साधारण भागतं. दोन फोर-के लावाल तर तोच प्रवाह दोघांत वाटून अपुरा पडतो, मग चित्र अडखळतं किंवा बारीक होतं. आणि मॅकबुक असेल तर हे प्रकरण चालतच नाही. मॅकओएस एमएसटीने स्क्रीन वाढवत नाही, दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दाखवतं. एम१ आणि एम२ च्या मॅकबुक एअरला तर मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालतो, एम३ ला झाकण बंद केलं तर दोन, आणि एम४ पासून झाकण उघडं ठेवून दोन. आपल्याकडे मॅकवाले थोडे, म्हणून एवढंच.

दुसरा प्रकार डिस्प्लेलिंकचा. नाव डिस्प्लेपोर्टसारखं, काम पूर्ण वेगळं. यात लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर टाकायचं असतं. ते चित्र आवळून साध्या यूएसबीतून पाठवतं आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. ज्या लॅपटॉपच्या यूएसबी-सीतून चित्र येत नाही, त्यालाही याने मॉनिटर लागतात, आणि मॅकवरची ती एक-मॉनिटरची अडचणही सुटते. टॅली, एक्सेल, पोर्टल यांना एकदम ठीक. पण प्रोसेसरवर भार पडतो, म्हणून ट्रेकचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. विंडोज अपडेट झाल्यावर कधी सॉफ्टवेअर नव्याने टाकावं लागतं, तेव्हा "मॉनिटर मेला" म्हणून घाबरू नका.

तिसरा थंडरबोल्टचा डॉक. उत्तम, महाग, आणि लॅपटॉपला थंडरबोल्ट असेल तरच त्याचे पूर्ण पैसे वसूल.

चौथा प्रकार जुन्या बाजारातला: एका कंपनीच्या ठरावीक मॉडेलच्या पोटाखाली बसणारा डॉक. स्वस्त दिसतो म्हणून उचलतात. तुमचा लॅपटॉप त्याच मालिकेतला नसेल तर तो डॉक म्हणजे दाराला लावायचा दगड.

चार्जिंगचंही बघून घ्या. डॉकवर १०० वॉट लिहिलं असलं तरी त्यातला काही भाग तो स्वतःसाठी ठेवतो. आणि लॅपटॉपचं चार्जर गोल पिनचं असेल, यूएसबी-सीतून चार्ज होतच नसेल, तर 'एकच वायर' हे स्वप्न तिथेच संपलं. डॉकची वायर आणि चार्जरची वायर अशा दोन राहणारच.

वीज गेली की काय होतं?

त्या सुंदर टेबलांच्या व्हिडिओत हा प्रश्न कधीच येत नाही. आपल्याकडे तो पहिला आहे. पावसाळ्यात वेल्ह्याच्या बाजूला वीज कधी जाईल आणि कधी येईल हे कुणी सांगू नये.

लॅपटॉपला बॅटरी आहे, तो चालू राहतो. मॉनिटर मात्र जागच्या जागी काळे पडतात. स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालणारा डॉक असेल तर तोही बंद, आणि त्याच्यामागोमाग त्यावर लावलेलं सगळं: माऊस, प्रिंटर, नेटची वायर. म्हणजे ज्या एका वायरीचं कौतुक होतं, तीच एक वायर सगळं एकदम घालवते. यूपीएस नसलेल्या दुकानात डॉक लावायला माझा विरोध आहे तो यासाठी.

मॉनिटर तसे फार वीज खात नाहीत. बावीस इंची एलईडी साधारण वीस-पंचवीस वॉट. दोन मॉनिटर आणि लॅपटॉप मिळून सव्वाशे वॉटच्या आत बसतात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस काम सेव्ह करून सबमिट करण्याइतका वेळ आरामात देतो. पण त्याच्याही आधी राउटरकडे बघा. वीज गेल्यावर लॅपटॉप जिवंत असतो, फॉर्म अर्धा भरलेला असतो, आणि नेट गेलेलं असतं, कारण राउटर भिंतीवर सरळ बोर्डाला लावलेला. राउटरचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात येतो. माझ्या यादीत तो दुसऱ्या मॉनिटरच्याही वर आहे.

आणि अर्थिंग. भाड्याच्या जुन्या गाळ्यात तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, त्याचं हे कारण. अशा जागी मॉनिटर, डॉक, प्रिंटर सगळं एकमेकांना जोडून वर चालू स्थितीत एचडीएमआय काढणं-घालणं म्हणजे पोर्ट जाळायला निमंत्रण. गाळा घेताना मालकाशी रंगाचं बोलता तसं अर्थिंगचंही बोला. वायरमनकडून तपासून घ्या. वायरमनचे पैसे गेले तरी चालतील, पण चाळीस हजारांचं मशीन त्या गाळ्यात तसंच लावू नका.

पैशाचं गणित

मुद्रा योजनेत शिशु गटाचं कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं. आपल्यातली बरीच मुलं तिथूनच सुरुवात करतात. लॅपटॉप घरात आधीचा आहे असं धरू. आता डॉक बारा हजार, दोन नवे मॉनिटर सोळा हजार, स्टँड आणि वायरी दोन हजार. तीस हजार टेबलावर गेले. उरलेल्या वीस हजारांत प्रिंटर, यूपीएस, डिपॉझिट आणि पहिल्या दोन महिन्यांचा कागद-शाई बसवून दाखवा बरं!

दुसरा रस्ता: जुना तपासलेला मॉनिटर साडेतीन-चार हजारांत आणि केबल. समजा एका फॉर्ममागे खर्च जाऊन तुमच्या हातात तीस रुपये राहतात. बारा हजारांचा डॉक चारशे फॉर्मनंतर फिटतो. चार हजारांचा मॉनिटर एकशे चौतिसाव्या फॉर्मला. आणि त्या मॉनिटरमुळे फॉर्म परत यायचे कमी होतात. डॉकमुळे एकही फॉर्म वाढत नाही.

"पण ताई, टेबल प्रोफेशनल दिसलं पाहिजे ना?" हाही युक्तिवाद मी ऐकते, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. गिऱ्हाईक दुकान बघून विश्वास ठेवतं हे खरं आहे. जुलै २०२५ मध्ये राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. बाहेरून येणारे लोक वाढतील, होमस्टेवाल्यांचं टेबल आणि बिल दोन्ही नीटनेटकं दिसायलाच हवं. पण नीटनेटकं म्हणजे वायरी मागून पट्टीने बांधलेल्या, स्क्रीन पुसलेला, खुर्ची मोडकी नाही. त्याला शंभर रुपयांचे वायर बांधायचे पट्टे लागतात.

कायम एकाच जागी बसून काम असेल आणि लॅपटॉप अजून घेतलाच नसेल, तर डेस्कटॉपचाही विचार करा. साध्या डेस्कटॉपला बहुतेक वेळा दोन मॉनिटरची सोय मागच्या बाजूला तयारच असते, दुरुस्ती भोरमध्येच होते, आणि तेवढ्याच पैशात मशीन जास्त दमदार मिळतं. फक्त यूपीएसशिवाय तो एक सेकंदही तग धरत नाही. म्हणून वेल्ह्याकडच्या मुलांना मी लॅपटॉपच सांगते आणि भोर शहरातल्यांना डेस्कटॉप. यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत, भांडा.

काहीही घ्या, जुनं घ्या की नवं, पक्कं बिल मागा. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर या वस्तूंवर भरलेला १८ टक्के कर तुम्हाला परत वळता करता येतो. कंपोझिशनमध्ये असाल तर येत नाही, तेव्हा भाव करताना करासकट आकडा धरा. "बिल नको असेल तर पाचशे कमी" म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे दोन महिन्यांनी मॉनिटर बंद पडला म्हणून गेलात, तर तो तुम्हाला ओळखणारही नाही.

शेवटी एक छोटं काम, याला पैसे लागत नाहीत. गिऱ्हाइकाकडे फिरवलेल्या स्क्रीनवर फॉर्म नसतो तेव्हा तो रिकामा निळा ठेवू नका. एक साधं चित्र बनवा. कुठल्या दाखल्याला कुठली कागदपत्रं लागतात, सरकारी शुल्क किती, तुमचा आकार किती, दुकान किती वाजता उघडतं, सगळं ठळक मराठीत, आजींना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात. विंडोजमध्ये प्रत्येक मॉनिटरला वेगळा वॉलपेपर ठेवता येतो. पर्सनलायझेशनमध्ये बॅकग्राउंड उघडा, चित्रावर राइट क्लिक करा आणि दुसऱ्या मॉनिटरचा नंबर निवडा. रांगेतली माणसं तो वाचत उभी राहतात आणि ज्याच्याकडे रेशनकार्डाची झेरॉक्स नाही, तो नंबर यायच्या आधीच ती काढून आणतो.